वजा केलेले हात

संध्याकाळी चहाचं आधण ठेवलं की कुणीतरी माझा उजवा हात धरायचं. आधी अंगठा तळव्यात दुमडायचं, मग चारही बोटांची मुळं एकमेकांवर दाबून पंजा लहान करायचं, मग अंगठ्याच्या गादीवर जोर आणि एक हिसका. पुन्हा दाब, पुन्हा हिसका. शेवटी पंजाच्या मागच्या बाजूला दोन हलक्या थापा, आणि हात मोकळा. तोवर माझा चहा उतू गेलेला असायचा.

भूतबित काही नाही. भुतं माझ्या वाटेला जात नाहीत, माझं तोंड त्यांना ठाऊक असावं. ही पीडा मशीनने लावली होती. तो हात होता दशरथ कासाराचा, आणि माझ्या ताईला मारल्याबद्दल त्याला फाशीची शिक्षा सुनावलेली होती.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण रोहिणी. तासगावजवळ आमचं गाव. द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. नवरा अपघातात गेल्यावर ताई माहेरी परत आली आणि शेड बघायला लागली. बाग आणि गावचं राजकारण आमचा भाऊ अभिजित बघायचा, आम्ही त्याला अभिदादा म्हणतो. वहिनी मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात, त्यामुळे घरात माणसं तीन : आई, दादा आणि ताई. मी लग्न होऊन सांगलीत, शीतगृहात बेदाण्याची प्रतवारी करते. अश्विनीच्या हातून वाईट दाणा सुटत नाही असं तिथे म्हणतात, आणि तोंडातून शब्द सुटायचा राहत नाही असंही म्हणतात.

बेदाण्याच्या हंगामात एका दुपारी ताई शेडमध्ये मेलेली सापडली. तोंडावर गोणपाट दाबून कुणीतरी तिचा श्वास कोंडला होता. दादाने तिला उचलून घरी आणली. मी सांगलीहून पोचले तेव्हा तो ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता, आणि मी त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिले.

गोणपाटावर ठसे उठत नाहीत. पण तोवर कोर्टात स्पर्शलेख आलेला होता. हे मशीन काय करतं ते मला सुनावण्यांना बसून बसून पाठ झालंय. आपल्या कातडीवर कोट्यवधी जिवाणूंची वस्ती असते आणि दोन माणसांची वस्ती सारखी नसते. मी तुम्हाला हात लावला की माझ्या वस्तीतले थोडे जण तुमच्या कातडीवर जाऊन बसतात. जिवंत कातडी त्यांना काही तासांत हुसकून लावते. माणूस मेलं की हे काम थांबतं आणि शेवटच्या तासांतले पाहुणे तिथेच राहतात. हात कुणाचा, ते यावरून कळतं.

किती जोराने धरलं, हे कळायला दुसरी युक्ती. कातडीवर दाब पडला की तिथल्या पेशी एक प्रथिन तयार करतात. दाब जास्त तर प्रथिन जास्त, आणि वेळ जाईल तसं ते ठरावीक गतीने विरत जातं. त्यामुळे कुठे दाबलं, किती दाबलं, कुठला दाब आधीचा आणि कुठला नंतरचा, सगळं वाचता येतं. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. जिवंत कातडीच दाबाला उत्तर देते. मेलेल्या माणसाला कितीही घट्ट धरा, तिथे काही उमटत नाही.

हे वाचन पुढे एका हातमोज्यात भरतात. मोज्याच्या आत बारीक फुगे आणि तारा असतात. आपण हात घातला की मयताच्या हाताला जे झालं ते आपल्या हाताला होतं. न्यायाधीशांनी घातला, दोन्ही वकिलांनी घातला. मग रक्ताच्या नात्यातल्या एकाला विचारायची पद्धत आहे. दादा म्हणाला, "माझ्याच्याने नाही होणार." मी म्हटलं, आणा इकडे.

सरकारी वकील शेजारी उभा राहून सांगत होता. हा अंगठा मुडपला. ही बोटं आवळली. हा हिसका म्हणजे ताई हात सोडवून घेत असणार. आणि या शेवटच्या दोन थापा, म्हणजे बाईची धडपड थांबली का ते तो चाचपून बघतोय. मशीनने नाव दिलं होतं दशरथ कासार, आणि मशीन खोटं बोलत नाही. मी मोज्यातून हात काढला आणि भर कोर्टात ओरडले, "फाशी द्या याला." न्यायाधीशांनी मला ताकीद दिली, आणि कुटुंबाचं म्हणणं म्हणून तेच लिहून घेतलं.

दशरथ कासार गावोगाव फिरून काचेच्या बांगड्या विकायचा, साठीला आलेला, वाकलेला माणूस. त्याचं म्हणणं एकच होतं. "मी बाईंना बांगड्या भरल्या. हिरव्या. शेडच्या मागं सावलीत बसून. त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, कुणासाठी नाही हो मामा, मला घालाव्याशा वाटल्या. भरल्या आणि मी माझ्या वाटंनं गेलो."

मग बांगड्या कुठे गेल्या? ताईच्या हातात एक नव्हती. शेडमध्ये काचेचा तुकडा नव्हता. मनगटावर बारीक ओरखडे होते, ते शेडच्या जाळ्यांचे ठरले, कारण जाळीवर बेदाणा पसरताना सगळ्यांचेच हात खरचटतात. आईला साक्षीला उभं केलं. आई म्हणाली, विधवा बाई हिरव्या बांगड्या कशाला भरेल. जग कुठल्या कुठे गेलं तरी आमच्या घरात तो प्रश्न तसाच होता. मला कासाराची किळस आली. ताईला मारलं ते मारलं, वर तिच्या नावाला बट्टा लावतोय, असं वाटलं.

शिक्षा झाली आणि त्याच आठवड्यात चहा पहिल्यांदा उतू गेला. डॉक्टर म्हणाले, मोज्याचा स्पर्श काहींच्या मज्जातंतूंत घर करून राहतो, जाईल हळूहळू. गेला नाही. रोज संध्याकाळी ताईच्या खुन्याच्या हातात हात द्यायचा आणि मग चहा गाळायचा, असं माझं आयुष्य झालं होतं.

दशरथचा दयेचा अर्ज मंडळापुढे आला तेव्हा माझ्या लेकीचं, जुईचं, लग्न ठरलेलं होतं. मंडळ कुटुंबाला पुन्हा एकदा विचारतं, शिक्षा कायम ठेवावी का. सुनावणी सोमवारी होती. माझं उत्तर तयारच होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी जुईच्या सासूबाईंनी हौसेने मिरजेहून एक कासारीण बोलावली, सुभद्राबाई म्हणून. आता काचेच्या बांगड्या हातावर बसवून कोण घेतं? फोनवर माप द्यायचं, बांगडी छापून येते, खटका उघडा आणि लावा. माझ्या स्वतःच्या लग्नात चुडा खोक्यातून आला होता, साडीला मॅचिंग. कासाराने हात धरणं म्हणजे काय हे मला जन्मात ठाऊक नव्हतं. मशीन बनवणाऱ्यांना तर कासार हा शब्दच ठाऊक नसणार.

"आई, आधी तू बस," जुई म्हणाली. "तू किती तोंड वाकडं करतेस त्यावरून मला कळेल किती दुखतं ते."

"माझं तोंड मुळातच वाकडं आहे," मी म्हटलं आणि हात पुढे केला.

सुभद्राबाईंनी माझा अंगठा तळव्यात दुमडला. "सैल सोडा. असा ताठ धरला तर फुटंल." मग बोटांची मुळं एकमेकांवर दाबली. पंजा लहान केला. अंगठ्याच्या गादीवर जोर दिला आणि हिसका. बांगडी मनगटावर गेली. पुन्हा दाब, पुन्हा हिसका.

उन्हं खिडकीत होती, बायका हसत होत्या, आणि माझा संध्याकाळचा हात भर दुपारी माझ्या समोर बसला होता. मी शेवटाची वाट बघत होते. दोन्ही हात भरून झाले. सुभद्राबाईंनी माझ्या पंजावर दोन हलक्या थापा मारल्या.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय केलं? सुखी राहा म्हटलं."

"असं सगळेच करतात?"

"कासार बांगड्या भरून तसाच उठत नाही, बाई. हात ठेवूनच उठतो."

मी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि बादलीच्या कडेवर बसले. म्हातारा खरं बोलत होता. ताईच्या हातात बांगड्या होत्या, आणि त्या भरून तिला आशीर्वाद देऊन तो निघून गेला होता. बाहेरून जुई विचारत होती, "आई, इतकं दुखलं का गं?"

स्पर्शलेखाच्या प्रयोगशाळेत डॉ. तांबोळी म्हणून बाई आहेत, कोर्टात त्यांनीच मला मोजा घातला होता. त्यांना फोन लावला आणि बांगड्यांचं सांगितलं. त्यांनी जुनी फाईल उघडली.

"मॅडम, कासाराच्या हातानंतर आणखी कुणाचा हात होता का?"

"वाचनात नाही."

"वाचनात नाही म्हणजे नव्हता?"

"तसं नाही म्हणता येणार," त्या म्हणाल्या. "घरातल्यांचे स्पर्श आम्ही आधीच वजा करतो. एका घरातली माणसं दिवसभर एकमेकांना हात लावत असतात. त्यात तुमच्या बहिणीला तुमच्या भावाने उचलून आणलेलं. ती सगळी गर्दी काढली नाही तर परका हात दिसतच नाही. सगळीकडे हीच रीत आहे."

"आणि काढलेलं कुठे जातं?"

"कुठे जात नाही. मूळ वाचन तसंच असतं. रक्ताच्या नात्यातल्याने मंडळापुढे मागणी केली तर वजा न करता चालवता येतं. पण आजवर कुणी मागितलं नाही."

कोण मागेल? मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गावाला गेले.

आई ओसरीवर बेदाण्याचे देठ काढत बसली होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "आई, ताईच्या हातात बांगड्या होत्या?"

आईची बोटं थांबली. "तुला कुणी सांगितलं?"

नव्हत्या म्हणाली असती तर मी कदाचित परत फिरले असते. मनातून मला तेच हवं होतं. मी खाली बसले. आईने बेदाण्याकडे बघतच सांगितलं, "चुरा होता सगळा. मी झाडून घेतला आणि विहिरीत टाकला. लोकांनी बघितला असता तर काय म्हणाले असते तिला?"

"तिथे माणूस मरून पडलं होतं, आई."

"मेलेलं परत येणार होतं होय?"

"झाडायला तुला कुणी सांगितलं?"

देठ काढून झालेले दाणे आईने पुन्हा देठांत मिसळले आणि पुन्हा निवडायला घेतले. मग म्हणाली, "आशू, एक गेली. आता दुसऱ्याला घालवू नकोस."

"आणि त्या कासाराचं काय?"

"देव बघून घेईल म्हटलं."

"देवाने नाही बघितलं. मशीनने बघितलं, आणि आपल्याला वगळून बघितलं."

तेवढ्यात दादा आला. हातात बेदाण्याचा डबा. "अगं, कधी आलीस? हा जुईच्या लग्नाला, एक नंबर माल आहे, तू पण खोट काढणार नाहीस." त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं आहे, शाळेत असताना कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं. त्याच हाताने त्याने मला सायकल शिकवली. त्याच हाताने शाळेत जाताना तासगाव नाक्यावर रस्ता ओलांडून द्यायचा. पंजा नाही धरायचा, मनगट धरायचा, अंगठा आतल्या शिरेवर दाबून. म्हणायचा, पंजा निसटतो, मनगट निसटत नाही.

त्याची नजर माझ्या हिरव्या बांगड्यांवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. "सोमवारी जाणार ना? नीट सांग काय ते. कासार गेला की तुझा हातही सुटेल बघ. मला बघवत नाही गं तुझं ते."

त्याला खरंच बघवत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. माझ्यावर माया होतीच त्याची. ताईवरही होती.

संध्याकाळी तो मला नाक्यावर सोडायला आला. गाड्या आता आपण होऊन थांबतात, तरी त्याने दोन्ही बाजूंना बघितलं आणि पन्नाशीच्या बाईचं मनगट धरून तिला पलीकडे नेलं. मी हात सोडवून घेतला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. बसमध्ये बसल्यावर मात्र रडू आवरेना. गप्प बसले तर एक परका माणूस फासावर जाणार होता आणि बोलले तर माझा. शिवाय गप्प बसणं किती सोपं होतं. तेच जुनं उत्तर द्यायचं, आणि लग्नाच्या पत्रिका वाटायला घ्यायच्या.

सोमवारी मंडळाच्या खोलीत दशरथ कासार समोरच्या बाजूला बसला होता. निम्मा झाला होता. मला बघून तो आधी चपापला, मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली.

"माप बरोबर बसलंय," तो हळूच म्हणाला. "कुणी भरल्या?"

ज्या बाईने त्याला फाशी मागितली तिच्या बांगड्यांचं माप तो बघत होता. अध्यक्षांनी विचारलं, कुटुंबाचं म्हणणं काय. मी म्हटलं, "मला आधी मोजा घालायचाय. काही वजा न करता."

डॉ. तांबोळींनी मशीन लावलं. मी बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि हात आत घातला.

गर्दी होती खरी. कुणीतरी चहाचा कप देताना लागलेली बोटं. आईचा खरखरीत तळवा. मग माझा ओळखीचा हात आला. अंगठा दुमडला, बोटं आवळली, हिसका. या वेळी मला भीती वाटली नाही. दाब, हिसका, दाब, हिसका. दोन थापा. सुखी राहा.

मग काहीच नव्हतं. बराच वेळ कुणाचा हात नाही. ताई हात पुढे धरून बांगड्या बघत बसली असेल. फिरवून बघितल्या असतील, वाजवून बघितल्या असतील. नवरा गेल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

आणि मग मनगटावर पकड आली. अंगठा आतल्या शिरेवर. बाहेरून तीन बोटं आणि एक अर्धं. पकड इतकी जोरात ओढली गेली की मोज्यात माझा हात कळवळला. पुन्हा ओढली, पुन्हा. बांगड्या उतरत नव्हत्या, फुटत होत्या.

पडद्यावर नाव यायच्या आधी मी म्हटलं, "अभिजित. माझा भाऊ."

अध्यक्ष म्हणाले, "त्यांनी मयत उचललं होतं. तोच स्पर्श नसेल कशावरून?"

डॉ. तांबोळींचा चेहरा उतरला होता. वजा करणाऱ्या त्याच होत्या. "नाही," त्या म्हणाल्या. "कातडीने उत्तर दिलंय. या पकडीच्या वेळी त्या जिवंत होत्या."

दशरथ कासार खाली बघत बसला होता. त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अरेरे. नव्या होत्या हो." तो सुटला त्याविषयी मी काय लिहू. मी त्याच्या पाया पडायला गेले तर तो मागे सरकला, आणि ते बरोबरच होतं.

दादाने दुसऱ्याच दिवशी कबूल केलं. हिरव्या बांगड्या बघून त्याला वाटलं, ताईच्या आयुष्यात कुणीतरी माणूस आहे. ताई म्हणत होती, कुणी नाही रे, मला घालाव्याशा वाटल्या. त्याचा विश्वास बसला नाही. ती ओरडायला लागली तेव्हा लोक जमतील म्हणून त्याने हाताला आलं ते गोणपाट तोंडावर धरलं. फक्त आवाज बंद करायचा होता, म्हणाला.

जुईचं लग्न झालं. आई आली नाही. ती माझ्याशी बोलत नाही आणि मी गेले तर बेदाणा निवडायला बसते.

मग दादाच्या खटल्यात नात्यातली म्हणून मलाच बोलावलं. तेच कोर्ट, तोच प्रश्न. सरकारी वकील नवा होता, तो म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही फाशी मागितली होती."

"मागितली होती."

"आणि या वेळी?"

"नको."

"भाऊ आहे म्हणून?"

"हो, भाऊ आहे म्हणून," मी म्हटलं. "कासारालाही बहीण आहे. मागच्या बाकावर बसायची रोज. तिला तुम्ही कुणी विचारलं नाहीत, आणि मी तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही." न्यायाधीशांनी लिहून घेतलं. निकाल अजून लागायचा आहे.

चहा आता उतू जात नाही. कासाराचा हात त्या सोमवारी जो गेला तो परत आला नाही. पण नाक्यावर रस्ता ओलांडायला उभी राहिले की माझ्या मनगटावर तीन बोटं आणि एक अर्धं येऊन बसतं. तो हात दोन्ही बाजूंची वाहनं जाऊ देतो, मला सांभाळून पलीकडे नेतो. पलीकडे पोचल्यावर सोडत नाही.